सर्पपेटीतील तापमान नियमन

सर्पपेटीतील तापमान नियमन म्हणजे बंदिस्त ठेवलेल्या सापाच्या पेटीत त्याच्या शरीरव्यापारांना लागते तेवढी ऊब पुरविणे आणि ती घातक मर्यादेपलीकडे जाऊ न देणे. साप हा बाह्यतापी प्राणी आहे. सस्तन प्राण्यांप्रमाणे त्याच्या शरीरात सतत पुरेशी उष्णता निर्माण होत नाही. म्हणून पचन, हालचाल, कात टाकणे आणि रोगप्रतिकार या साऱ्या क्रिया भोवतालच्या तापमानावर अवलंबून राहतात.

पाळीव सापांविषयीचे बहुतेक साहित्य युरोप-अमेरिकेतील थंड हवामान गृहीत धरून लिहिलेले आहे. तेथे बहुतेक वर्षभर ऊब देणे हा मुख्य प्रश्न असतो. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ, पंढरपूर, माढा या कोरड्या पट्ट्यात मात्र कृत्रिम ऊब लागते ती हिवाळ्यातील काही आठवडे, आणि तीही मुख्यतः रात्री. उरलेल्या काळात अतिउष्णतेपासून बचाव हाच मोठा प्रश्न असतो. त्यामुळे या भागातील कमी खर्चाच्या व्यवस्थेत उष्णता देणाऱ्या साधनापेक्षा ती वेळीच बंद करणाऱ्या साधनाला अधिक महत्त्व आहे.

कायदेशीर स्थिती

भारतात आढळणारे साप घरी पाळता येत नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये ते संरक्षित असून त्यांना पकडणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर (अंमल १ एप्रिल २०२३ पासून) अजगर, नाग, घोणस आणि धामण पहिल्या अनुसूचीत आहेत. या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यास किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. गुप्तधनाच्या भोळ्या समजुतीपायी मांडूळ घरात दडवून ठेवण्याचे प्रकार महाराष्ट्रात वारंवार उघडकीस येतात. तोही याच कायद्याखाली गुन्हा ठरतो.

भारतात पाळीव म्हणून आढळणारे साप परदेशी आहेत. त्यांत आफ्रिकेतील बॉल पायथन आणि अमेरिकेतील कॉर्न स्नेक हे विशेष परिचित. बॉल पायथन ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे भारतीय कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो, आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. कॉर्न स्नेक साइट्सच्या परिशिष्टांत नाही. तथापि कोणताही परदेशी प्राणी देशात आणण्यासाठी आयात परवाना आवश्यक असतो. विक्रेत्याकडून कागदपत्रे न घेता आणलेला साप पुढे आजारी पडला, तर मालक पशुवैद्याकडे जाण्यासही कचरतो, आणि त्याची किंमत सापाला मोजावी लागते.

पुढील विवेचन कायदेशीररीत्या बाळगलेल्या परदेशी सापांना उद्देशून आहे. त्यातील तत्त्वे प्राणिसंग्रहालये आणि वन्यजीव उपचार केंद्रे यांनाही लागू पडतात.

निसर्गातील साप आणि ऊब

मोकळा साप आपले तापमान जागा बदलून राखतो. सकाळी तो बांधावरच्या उन्हात येतो, दुपारी कपारीत शिरतो, संध्याकाळी तापलेल्या दगडाजवळ किंवा डांबरी रस्त्यावर रेंगाळतो. वारूळ हे याचे उत्तम उदाहरण होय. वारूळ वाळवी बांधते. नाग तेथे केवळ आश्रयाला येतो. जाड मातीमुळे वारुळाच्या आतील तापमान आणि दमटपणा बाहेरच्या मानाने फारच कमी बदलतो, आणि निरनिराळ्या खोलीवर निरनिराळी ऊब मिळते.

घरांत वावरणाऱ्या नागांना न मारण्याच्या परंपरेसाठी सोलापूर जिल्ह्यातील शेटफळ प्रसिद्ध आहे. ‘नागोबाचे शेटफळ’ म्हणून ओळखले जाणारे गाव करमाळा तालुक्यात असून मोहोळ तालुक्यातही पुणे-सोलापूर महामार्गावर शेटफळ नावाचे गाव आहे. त्यामुळे आंतरजालावरील मजकुरात दोहोंची सरमिसळ झालेली दिसते. येथील नागांना ‘पाळीव’ म्हणणे मात्र चूक ठरेल. ते बंदिस्त नसतात. आढ्याची सावली, भिंतीची फट किंवा अंगणातील ऊन यांतून त्यांना हवे ते निवडता येते. पेटीतील सापापाशी ही निवड उरत नाही. ती जेवढी परत देता येईल तेवढी देणे, हाच तापमान नियमनाचा गाभा आहे.

स्वतः उष्णता निर्माण करणाऱ्या सापाचे एक उदाहरण भारतीय अजगराच्या प्रजातीत सापडते. अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली मादी शरीराचे स्नायू लयीत आखडून आपले तापमान भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश वर राखते. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयातील अजगराच्या मादीवर व्हॅलान्सिएन यांनी १८४१ मध्ये यासंबंधीची निरीक्षणे प्रसिद्ध केली होती. १९६६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी नेमक्या मोजमापांनी त्यांना पुष्टी दिली. हा अपवाद अंडी उबवण्यापुरताच आहे. एरवी अजगरही बाहेरच्या उबेवरच जगतो.

उष्णतेचा उतार

पेटीची एक बाजू उबदार आणि दुसरी तुलनेने थंड ठेवल्यास मधल्या जागेत तापमान क्रमाने बदलत जाते. यास उष्णतेचा उतार म्हणतात. बॉल पायथनसाठी उबदार टोकाला पृष्ठभागाचे तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड टोकाला २५ ते २७ अंश योग्य मानतात; रात्री ते सुमारे २४ अंशांखाली जाऊ देत नाहीत. कॉर्न स्नेकला उबदार बाजू २९ ते ३१ आणि थंड बाजू २२ ते २५ अंश पुरते. थोड्या वेळासाठी रात्रीचा याहून अधिक गारवा तो सहज सोसतो, म्हणून नवशिक्यांसाठी आणि मर्यादित खर्चासाठी तो अधिक सोयीचा साप आहे.

दोन्ही टोकांना लपायला जागा असणे अत्यावश्यक आहे. एकच लपण असेल आणि ते उबदार बाजूला असेल, तर भित्रा साप उकडत असूनही ते सोडत नाही. मातीची फुटकी कुंडी, उलटे ठेवलेले कौल किंवा बाजूला भोक पाडलेला पुठ्ठ्याचा खोका यांवर हे काम भागते. त्यासाठी विकतची शोभिवंत गुहा लागत नाही.

तापमान अपुरे पडल्यास साप अन्न नाकारतो किंवा गिळलेले भक्ष्य पचण्यापूर्वी उलटून टाकतो. दीर्घकाळच्या गारव्याने श्वसनमार्गाचा संसर्ग होतो. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडाशी बुडबुडे आणि मान वर करून उघड्या तोंडाने श्वास घेणे ही त्याची लक्षणे होत. थंडीचा त्रास असा दिवसांनी किंवा आठवड्यांनी दिसतो. अतिउष्णतेचे तसे नाही. ४० अंशांच्या आसपासचे तापमान थोडा वेळ टिकले आणि बाजूला सरकायला जागा नसली, तर बहुतेक साप दगावतात. थंडीच्या चुकीतून सावरायला वेळ मिळतो. उष्णतेच्या चुकीत तो क्वचितच मिळतो.

भाजण्याचा धोका

बंदिस्त सापांना होणाऱ्या दुखापतींमध्ये पोटाचे खवले भाजणे ही पशुवैद्यांच्या नेहमीच्या पाहण्यातील दुखापत आहे. अतितप्त पृष्ठभागावर पडलेला साप चटका बसताच दूर होईल अशी माणसाची अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो कातडी भाजेपर्यंत तेथेच पडून राहतो. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या सूक्ष्म खाचा असतात आणि त्यांच्या आधारे तो अंधारात उंदराचा माग काढतो. तरीही पोटाखालच्या तापलेल्या फरशीपासून तो स्वतःला वाचवीत नाही. याच कारणाने तथाकथित ‘गरम दगड’, म्हणजे आत वीजतार असलेला कृत्रिम खडक, आता जाणकार वापरत नाहीत. उघडा दिवा पेटीच्या आत असल्यास साप त्याला वेटोळे घालतो. म्हणून दिव्याभोवती जाळी बसवावी लागते, आणि ती जाळी स्वतः तापणार नाही इतके अंतर ठेवावे लागते.

उष्णतेची साधने

हीट मॅट हा पातळ, चपटा विद्युत तापक असून तो पेटीच्या तळाबाहेरून लावतात. पेटीचा सुमारे एकतृतीयांश तळ त्यावर असतो. प्लॅस्टिकच्या पेटीसाठी ७ ते १५ वॅटची मॅट सहसा पुरते. पेटी थेट जमिनीवर टेकवून मॅट दाबली गेल्यास उष्णता कोंडते, म्हणून पेटीखाली चारही कोपऱ्यांना लहान ठोकळे ठेवून हवेला वाट देतात. खालून ऊब देणाऱ्या पेटीत भुसा किंवा काथ्याचा जाड थर नसावा. साप तो उकरून तळाशी जातो, आणि वरून मोजलेले तापमान खालच्या तापमानाविषयी काहीच सांगत नाही. वर्तमानपत्राचे दोन-तीन थर हा सर्वांत स्वस्त आणि या बाबतीत चांगला पर्याय आहे.

सिरॅमिक तापक दिव्याच्या आकाराचा असतो. तो प्रकाश न देता उष्णता देतो, म्हणून रात्री चालतो. त्याची टोपी आटे असलेली असते, तर आपल्या घरांतील नेहमीचे होल्डर पिनांचे असतात. जोड बसविण्यासाठी प्लॅस्टिकचा ॲडॉप्टर वापरणे धोक्याचे आहे, कारण तापकाच्या मानेशीच इतकी उष्णता असते की प्लॅस्टिक मऊ होऊन वितळते. चिनी मातीचा, आटे असलेला होल्डर वीजसामानाच्या दुकानात अल्प किमतीत मिळतो. हा तापक लाकडी किंवा प्लायवूडच्या उंच पेटीत योग्य. प्लॅस्टिकच्या पेटीत तो कधीही लावू नये.

तारेचा जुना पिवळा दिवा हा कोंबडीच्या पिलांच्या ऊबघरातून सर्पपेटीत आलेला उपाय. तो स्वस्त असला तरी रात्रभर उजेड पडल्याने सापाच्या दिनक्रमात बिघाड होतो. लाल दिव्याने ही अडचण पूर्णपणे सुटत नाही. शिवाय २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेनंतर घरोघरी एलईडी दिवे आले आणि पिवळे दिवे दुर्मीळ होत गेले. एलईडी दिवा ऊब देण्याच्या कामाचा नाही. वीज वाचविणारा दिवा तोच, जो ती उष्णतेत दवडत नाही.

माणसांचे अंग शेकण्याचे विद्युत पॅड, पाणी तापविण्याचा रॉड आणि घरगुती इस्त्री यांवर आधारलेले ‘जुगाड’ अधूनमधून सुचविले जातात. त्यांपैकी एकही सर्पपेटीजवळ नेण्यासारखा नाही. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइडमुळे सापाबरोबर घरातील माणसांच्याही जिवावर बेतू शकते.

थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅट किंवा तापनियंत्रक ठरावीक तापमान गाठताच तापकाची वीज तोडतो आणि ते उतरताच पुन्हा जोडतो. पंख्याचा रेग्युलेटर हे काम करीत नाही. तो उष्णता कमी-जास्त करतो, पण खोली तापली की गार पडली, याची त्याला दखल नसते. ठरावीक वेळी चालू-बंद होणाऱ्या टायमरचेही तसेच.

अंडी उबवणी यंत्रांत आणि शीतपेट्यांत वापरले जाणारे, तारेच्या टोकाला संवेदक असलेले साधे डिजिटल थर्मोस्टॅट काही शे रुपयांत मिळतात. ‘एसटीसी-१०००’ हा त्यांतील परिचित प्रकार आहे. तापविणे आणि थंड करणे यांसाठी त्यात वेगवेगळे जोड असतात. ही उपकरणे बहुधा उघड्या जोडांची असल्यामुळे बंद खोक्यात बसवावी लागतात. विद्युतकामाचा सराव नसल्यास हे काम वायरमनकडून करून घेणे श्रेयस्कर. येथे वाचविलेले शंभर रुपये फार महाग पडू शकतात.

संवेदकाची जागा चुकली तर उत्तम थर्मोस्टॅटही निरुपयोगी ठरतो. हीट मॅटच्या व्यवस्थेत संवेदक मॅट आणि पेटीचा तळ यांच्यामध्ये, बाहेरून पक्का बसवितात. पेटीच्या आत सैल सोडलेला संवेदक साप ढकलून थंड बाजूला नेतो किंवा पाण्याच्या भांड्यात पाडतो. मग थर्मोस्टॅटला पेटी गारच वाटत राहते आणि तापक अखंड चालू राहतो. वरून ऊब देणाऱ्या तापकासाठी संवेदक सापाच्या बसण्याच्या उंचीवर, भिंतीला घट्ट बांधून ठेवावा.

थर्मोस्टॅट बिघडल्यास

स्वस्त थर्मोस्टॅटमधील रिले कधीकधी ‘चालू’ स्थितीतच चिकटतो. अशा वेळी तापक कोणत्याही मर्यादेशिवाय चालतो. म्हणून तापकाची निवड थर्मोस्टॅट नाही असे समजून करावी, हा कमी खर्चाच्या व्यवस्थेतील सर्वांत उपयुक्त नियम आहे.

त्याची चाचणी सोपी आहे. साप आत नसताना पेटी पूर्ण मांडून तापक थर्मोस्टॅटविना चोवीस तास चालू ठेवावा. सर्वांत तापलेल्या जागेचे आणि खोलीचे तापमान दर काही तासांनी लिहून ठेवावे. काही तासांनंतर या दोहोंतील फरक जवळजवळ स्थिर होतो. समजा हा फरक १२ अंश आला. खोली २० अंशांवर असताना पेटीतील ती जागा ३२ अंशांवर राहील, आणि थर्मोस्टॅट बिघडला तरी सापाला इजा होणार नाही. तीच खोली फेब्रुवारीअखेरच्या दुपारी ३४ अंशांवर गेली, तर तीच जागा ४६ अंशांवर पोहोचेल. अर्थात अधिक वॅटचा तापक ‘लवकर तापतो’ म्हणून घेणे हा तोटाच होय. फरक कमी पडत असल्यास आधी पेटीला बाहेरून थर्माकोल लावून उष्णता टिकवावी, आणि मगच वॅट वाढवावेत.

मोजमाप

पेटीत किमान दोन तापमापक लागतात, प्रत्येक टोकाला एक. चिकटवायचे गोल काट्याचे तापमापक हवेचे तापमान दाखवितात आणि तेही ढोबळ. तारेला संवेदक असलेले डिजिटल तापमापक अधिक भरवशाचे. पृष्ठभागासाठी अवरक्त तापमापक उपयोगी पडतो. कोविडच्या काळात घरोघरी आलेली कपाळावर धरायची ‘गन’ मानवी शरीराच्या पद्धतीवर ठेवलेली असल्यास साधारण ३२ ते ४२ अंशांपुरतेच, आणि तेही शरीराच्या हिशेबाने बदललेले, आकडे देते. तिच्यात पृष्ठभाग मोजण्याची वेगळी पद्धत असेल तरच ती येथे वापरावी. हाताला ‘कोमट’ लागणे हे माप नव्हे. माणसाच्या तळहाताचे तापमानच बहुधा उबदार टोकाइतके असते.

खर्च कुठे करावा, कुठे टाळावा

झाकण घट्ट बसणारी प्लॅस्टिकची पेटी काचेच्या टाकीपेक्षा स्वस्त असून ऊब आणि दमटपणा अधिक टिकविते. जाळीचे झाकण असलेल्या काचेच्या टाकीतून गरम हवा वर निघून जाते, म्हणून तिला अधिक वीज लागते. हवेसाठीची भोके तापलेल्या सोल्डरने पाडून कडा घासून घ्याव्यात. प्लायवूडची पेटी उष्णता उत्तम राखते. मात्र आतून लावलेले व्हार्निश पूर्ण वाळून वास जाईपर्यंत त्यात साप ठेवू नये.

विजेचा खर्च समजतो तेवढा नसतो. १५ वॅटची मॅट रोज १२ तास अखंड चालली तरी दिवसाला ०.१८ युनिट, म्हणजे महिन्याला साडेपाच युनिटांच्या आत वीज लागते. ६० वॅटचा दिवा तेवढाच वेळ चालल्यास महिन्याला साडेएकवीस युनिटांहून अधिक. थर्मोस्टॅट जोडल्यावर प्रत्यक्ष वापर याहून कमी होतो. संपूर्ण खोली हीटरने तापविणे हा यांतील सर्वांत खर्चिक मार्ग असून तो अनेक पेट्या असतील तरच परवडतो.

पेटी, लपण, अंथरूण यांत काटकसर चालते. थर्मोस्टॅट, तापमापक, तीन पिनांचा अर्थिंग असलेला जोड आणि घराच्या वीजमंडळात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी यांत ती चालत नाही. पाण्याचे भांडे सांडणे ही सर्पपेटीत नित्याची गोष्ट आहे. त्यामुळे जोडपट्टी पेटीपेक्षा उंचावर ठेवावी, आणि तार बोर्डाकडे जाण्यापूर्वी खाली झोळ घेऊन वर न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. ऊब टिकावी म्हणून पेटीवर सोलापुरी चादर किंवा घोंगडी टाकण्याची पद्धत मॅटच्या पेटीपुरती, आणि हवेची भोके मोकळी राहत असतील तरच, क्षम्य आहे. वर दिवा किंवा सिरॅमिक तापक असल्यास ती थेट आगीला निमंत्रण देते.

मोहोळ परिसरातील ऋतुमान

सोलापूर जिल्ह्याचे हवामान उष्ण व निमशुष्क आहे. मे महिन्यात दिवसाचे सरासरी कमाल तापमान ४० अंशांच्या आसपास असते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे किमान तापमान सरासरीने १५-१६ अंश असते; थंडीच्या लाटेत ते १० अंशांपर्यंत किंवा त्याखालीही उतरते. याच दिवसांत दुपार मात्र ३० अंशांपर्यंत जाते. एका दिवसातील हा पंधरा अंशांचा चढउतारच नियंत्रणाशिवाय चालणाऱ्या तापकाला धोकादायक बनवितो, कारण पहाटे योग्य ठरणारी ऊब दुपारी अती होते.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तापक रात्री चालू ठेवावा लागतो. पावसाळ्यात सलग झड लागल्यास बॉल पायथनला थोडी ऊब लागू शकते. मार्चपासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत तापक नुसता बंद न ठेवता भिंतीतील जोडातूनच काढून ठेवावा. उन्हाळ्यात घराच्या बांधणीने मोठा फरक पडतो. माळवदाच्या जुन्या घरांतील मातीचे जाड छत दुपारची उष्णता आत येऊ देत नाही. पत्र्याच्या छपराखालची खोली मात्र बाहेरच्या हवेपेक्षाही अधिक तापू शकते. अशा घरात पेटी फळीवर न ठेवता फरशीवर, सर्वांत सावलीच्या आणि हवेशीर कोपऱ्यात ठेवतात. गोठविलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या एका टोकाला बाहेरून टेकविणे हा साधा उपाय आहे. येथेही उताराचे तत्त्व पाळावे. संपूर्ण पेटी गार करू नये. काचेची पेटी खिडकीतील उन्हात ठेवणे कोणत्याही ऋतूत प्राणघातक ठरते, कारण आत शिरलेली उष्णता बाहेर पडत नाही.

मातीच्या भांड्यांचा गारवा सापांच्या बाबतीत जुन्या काळापासून उपयोगात आहे. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीसाठी पकडलेले नाग मडक्यांत ठेवण्याची पद्धत होती. तमिळनाडूतील वडनेम्मेली येथील इरुळा सर्पपकड सहकारी संस्था (नोंदणी १९७८) विष काढण्यासाठी आणलेले साप तोंडाला कापड बांधलेल्या मडक्यांतच ठेवते. पाळीव सापासाठी पेटीच्या थंड टोकाला ओलसर मडक्याचा तुकडा ठेवल्यास गारवा आणि दमटपणा दोन्ही मिळतात.

वीज गेल्यास

ग्रामीण भागात हिवाळ्याच्या रात्री वीज जाणे नवे नाही. निरोगी सापाला एका रात्रीचा मध्यम गारवा सहसा बाधत नाही, त्यामुळे घाबरून भलते उपाय करण्याची गरज नसते. पेटीभोवती थर्माकोल किंवा गोधडी गुंडाळावी, आणि गरम पाण्याची बाटली जाड फडक्यात लपेटून पेटीच्या बाहेरून एका बाजूस टेकवावी. पेटीत ठेवल्यास साप तिच्यावर पडून राहतो व भाजतो. नुकतेच खाल्लेल्या सापाची काळजी अधिक घ्यावी लागते. थंडीच्या लाटेचा अंदाज असेल तर त्या दिवसांत भक्ष्य न देणे हाच सोपा मार्ग.

दमटपणा आणि कात

ऊब दिली की हवा कोरडी होते. बॉल पायथनला ५५ ते ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता लागते. सोलापूरच्या कोरड्या महिन्यांत ती आपोआप मिळत नाही. कात तुकड्यातुकड्यांनी सुटणे आणि डोळ्यांवरचे पारदर्शक आवरण चिकटून राहणे ही कोरडेपणाची खूण होय. ते आवरण नखाने किंवा चिमट्याने ओढू नये. लपणात ओलसर काथ्या ठेवावा व पाण्याचे भांडे मोठे घ्यावे. भांडे उबदार टोकाला ठेवल्यास दमटपणा वाढतो, पण पाणी लवकर आटते. पेटी सतत ओली राहिल्यास पोटाच्या खवल्यांवर फोड येतात, म्हणून ओलावा लपणापुरताच बरा.

भाजल्यास करावयाची कार्यवाही

पोटाचे खवले लालसर किंवा तपकिरी पडणे, फोड येणे, खवले गळणे ही लक्षणे काही वेळा घटनेनंतर कित्येक दिवसांनी दिसतात. तापक ताबडतोब बंद करून भाजलेला भाग साध्या तापमानाच्या पाण्याने हळुवार गार करावा, अंथरूण काढून स्वच्छ कागद घालावा आणि पशुवैद्याकडे न्यावे. हळद, टूथपेस्ट, तूप किंवा माणसांची मलमे लावू नयेत. जखम भरायला कातीची अनेक आवर्तने लागतात.

हिवाळ्यात आढळणारे स्थानिक साप

डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ऊसाच्या फडात, कडब्याच्या गंजीत किंवा अंगणात मंद पडलेला साप दिसल्यास तो आजारी आहे असे समजून त्याला घरात आणण्याचे आणि दिव्याखाली ‘शेकण्याचे’ प्रकार घडतात. थंडीत सापाची हालचाल मंदावणे नैसर्गिक आहे, आणि ऊन चढताच तो स्वतःहून हलतो. मंद दिसणारा विषारी सापही दंश करू शकतो. ऊब मिळाल्यावर त्याची चपळाई काही मिनिटांत परत येते. अशा सापापासून दूर राहावे, आणि तो घरात किंवा रहदारीच्या जागी असल्यास वन विभागाच्या १९२६ या मदतवाहिनीवर कळवावे. जखमी सापावरील उपचार वन विभागाच्या देखरेखीखालील केंद्रांत होतात. नागपूरचे सेमिनरी हिल्स येथील उपचार केंद्र हे त्याचे एक उदाहरण. तेथेही ऊब देण्याची पद्धत वर सांगितल्याप्रमाणेच असते: एका टोकाला, मोजून, आणि सापाला दूर जाता येईल अशी.